'क्वाइट गुड' म्हणजे नक्की किती गुड?

एका शब्दाने कुणाचं काय बिघडणार आहे? असं मीही म्हणायचे. मग माझ्या एका शब्दाने एका मुलीचे सहा महिने गेले. इंग्लंडमधले. गंमत म्हणजे तो शब्द शिवी नव्हता, तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. मी तिचं चक्क कौतुक करत होते!

पण ती गोष्ट जरा नंतर. आधी आपल्या सगळ्यांच्या दहावीत जाऊन येऊ.

रिमूव्ह 'टू'

स्टेट बोर्डवाल्यांना आठवत असेल. इंग्लिशच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असायचा आणि त्यात हमखास एक वाक्य: 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक'. पुढे हुकूम: रिमूव्ह 'टू'. आम्ही डोळे झाकून करायचो. 'टू'च्या जागी 'सो' टाका, मध्ये 'दॅट' घाला, शेवटी 'कॅनॉट' चिकटवा. 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट.' एक मार्क खिशात, पुढचा प्रश्न.

इतकी वर्षं झाली, आता त्या वाक्याकडे बघितलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. कारण सगळा धडा त्यातच होता आणि तो आम्हाला कुणी वाचून दाखवलाच नाही. 'टू' काढला की 'कॅनॉट' का घालावा लागतो? कारण तो 'कॅनॉट' आधीपासून 'टू'च्या पोटात बसलेला असतो. 'व्हेरी हॉट' चहा तुम्ही फुंकर मारून पिऊ शकता. 'टू हॉट' चहा म्हणजे जीभ पोळणार, आत्ता नाही प्यायचा. 'व्हेरी' नुसतं माप सांगतो. 'टू' म्हणतो की हद्द ओलांडली आणि आता काहीतरी बिनसणार. अति तिथे माती, ती म्हण एका शब्दात भरायची तर 'टू'!

मग आपण मराठी माणसं 'टू'च्या जागी 'व्हेरी' आणि 'व्हेरी'च्या जागी 'टू' का टाकतो? कॉलेजात आमच्या ग्रुपमध्ये तर सगळं 'टू गुड' असायचं. पिक्चर टू गुड, मिसळ टू गुड, सबमिशनची तारीख पुढे गेली, टू गुड यार! मला वाटतं, दोष आपल्या लाडक्या 'फार'चा आहे. 'नाटक फार छान होतं' यातला 'फार' म्हणजे 'व्हेरी'. 'चहा फार गोड झालाय' यातला 'फार' म्हणजे बहुतेक वेळा 'टू'. एकाच शब्दाकडून आपण दोन कामं करून घेतो आणि कुठलं काम चाललंय ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. 'खूप शहाणी आहेस' आणि 'फार शहाणी आहेस' यातला फरक तर प्रत्येक मराठी मुलीने आईच्या तोंडून ऐकलेला असतो. पहिल्या वाक्यानंतर लाडू मिळतो, दुसऱ्यानंतर धपाटा.

इंग्रजीने या दोन कामांना दोन वेगळी माणसं ठेवलीत. आपण मात्र जुन्या सवयीने कुणालाही हाक मारतो.

त्याची फळं मी पहिल्याच नोकरीत खाल्ली. परदेशातल्या क्लायंटच्या टीमने आठवडाभर आम्हाला भरपूर मदत केली होती. मी शुक्रवारी संध्याकाळी भारावून जाऊन मेल टाकला, 'थँक यू, युवर टीम इज टू हेल्पफुल.' सोमवारी उत्तर आलं. अगदी नम्र. सॉरी, आम्ही तुमच्या कामात जास्त लुडबुड करतोय का? तसं असेल तर सांगा, आम्ही मागे सरकतो! माझ्या बॉसने तो मेल वाचला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तो बघणं 'व्हेरी' होतं की 'टू', ते विचारायची हिंमत झाली नाही.

हा, अपवाद आहेत. कुणी भेट दिली की इंग्रज 'यू आर टू काइंड' म्हणतो. तिथेही हिशेब तोच असतो. माझ्या लायकीपेक्षा जास्त चांगले वागलात, असं त्याला म्हणायचं असतं.

बाकीची भावंडं

त्या सोमवारनंतर मी या शब्दांच्या मागेच लागले. टीममध्ये माझं नाव 'ग्रामर पोलीस' पडलं. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे माझीच कॉलर धरायला उपयोगी पडणार आहे.) 'सो' आणि 'सच'मध्ये गोंधळ झाला की मी उसळायचे. विशेषण एकटं असेल तर 'सो', म्हणजे 'सो ब्यूटिफुल'. विशेषणामागे नामही असेल तर 'सच', म्हणजे 'सच अ ब्यूटिफुल हाउस'. 'इनफ'ची तर वेगळीच तऱ्हा. आपण 'पुरेसा मोठा' म्हणतो, म्हणून आपल्या तोंडून 'इनफ बिग' निघतं. इंग्रजीत तो विशेषणाच्या मागे जाऊन उभा राहतो, 'बिग इनफ'. नाम आलं की मात्र पुढे, 'इनफ मनी'. (महिनाअखेरीला दोन्हीकडे नसतोच, तो भाग वेगळा.)

आणि 'व्हेरी एक्सलंट'! 'एक्सलंट'मध्ये 'व्हेरी' आधीच मुरलेला असतो. गुलाबजामवर पिठीसाखर कशाला पेरायची? फारच भरून आलं असेल तर 'ॲब्सोल्यूटली एक्सलंट' म्हणा. 'टायर्ड'ला 'व्हेरी' चालतो, 'एक्झॉस्टेड'ला नको. तिथे अंगात जीवच उरलेला नाही, आणखी वजन कुणावर टाकता?

सगळ्यात मजा आली ती 'फेअरली' आणि 'रादर'ची. दोन्हींचा अर्थ डिक्शनरीत जवळपास सारखा, बऱ्यापैकी. पण जुन्या ब्रिटिश वळणाचं व्याकरण सांगतं, की 'फेअरली' मनासारख्या गोष्टीला लावा आणि 'रादर' बहुतेकदा मनाविरुद्धच्या. 'फेअरली वॉर्म' म्हटलं तर हवा छान उबदार आहे. 'रादर वॉर्म' म्हटलं तर कुणीतरी खिडकी उघडा. हे वाचलं आणि मला आमच्या घरातलं 'जरा' आठवलं. 'भाजी बऱ्यापैकी तिखट झालीय' म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो. 'भाजी जरा तिखट झालीय' म्हणणारा पाणी मागतो. खरं तर 'जरा' म्हणजे थोडंसं. पण तक्रार त्यातच असते, तीही पूर्ण मापाची.

एवढं सगळं मला कळत होतं. आणि तरीही मी शेण खाल्लं.

तो मेल

आमच्या टीममध्ये लातूरहून आलेली एक मुलगी होती. कामाचा झपाटा असा, की पहिल्याच महिन्यात तिचं नाव पडलं 'लातूर एक्सप्रेस'. पुढे नुसतीच एक्सप्रेस. कंपन्यांच्या पगाराचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो, आणि त्यात कुठे एक रुपया जरी हरवला तरी ती तो शोधून काढायची. बोलायला मात्र लाजाळू. कॉलवर तिचा आवाज शेवटच्या पाच मिनिटांत ऐकू यायचा, तोही कुणी नाव घेतलं तर.

इंग्लंडमधल्या ऑफिसात सहा महिन्यांसाठी एक जागा निघाली. तिथला मॅनेजर इंग्रज, स्वभावाने सज्जन. त्याने मला दोन नावं आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी मागितल्या. माझ्या मनात एकच नाव होतं. पण दोन मागितलीत म्हणून एका मुलाचं नाव घातलं आणि त्याच्यापुढे सवयीने 'व्हेरी गुड' ठोकलं. मग एक्सप्रेसकडे वळले. 'व्हेरी गुड' तर वापरून झालं. तिच्यासाठी काहीतरी वरच्या दर्जाचं हवं. मी लिहिलं, 'शी इज क्वाइट गुड.' आणि समाधानाने सेंड दाबलं.

आता माझी बाजू ऐका. शाळेपासून मी पाठ केलेलं होतं, 'क्वाइट' म्हणजे 'अगदी'. इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढून बघा, पहिला अर्थ असाच काहीतरी दिसेल, अगदी, पूर्णपणे. म्हणजे माझ्या डोक्यात मी लिहिलं होतं, ही पोरगी चांगलीच आहे हो! त्यातल्या 'च'वर माझा सगळा भर होता.

जागा त्या मुलाला मिळाली. मला वाईट वाटलं, पण म्हटलं असेल काही कारण. दोन महिन्यांनी एका कॉलवर मी सहज विचारलं, एक्सप्रेसला का नाही घेतलं? पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, तूच तर लिहिलं होतंस ना, ती क्वाइट गुड आहे म्हणून? मला वाटलं, ठीकठाक आहे, पण तू सभ्यपणे सांगतेयस.

मी कॅमेरा बंद केला.

सदाशिव पेठेतला इंग्रज

झालं होतं असं. 'क्वाइट' हा शब्द 'क्विट'चा भाऊबंद. मुळातला अर्थ मोकळा झालेला, हिशेब चुकता केलेला. त्यावरून झाला 'पूर्णपणे', आणि कालांतराने ब्रिटिश तोंडात त्याचा एक दुसरा, पडलेला अर्थही रुळला, बऱ्यापैकी. आज दोन्ही अर्थ एकाच घरात राहतात. ज्या शब्दांना कमी-जास्त नसतं, त्यांच्यापुढे तो अजून 'पूर्णपणे'च असतो. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदी अशक्य, 'क्वाइट राइट' म्हणजे अगदी बरोबर. पण 'गुड'सारख्या मोजता येणाऱ्या शब्दापुढे आला की इंग्रज ऐकतो 'बरी आहे'. तोच मेल एखाद्या अमेरिकन मॅनेजरने वाचला असता, तर कदाचित ती विमानात बसली असती, कारण तिकडे 'क्वाइट गुड'चं वजन 'व्हेरी गुड'च्या जवळ जातं.

त्यातही एक मेख आहे. बोलताना इंग्रजाने जोर 'गुड'वर दिला तर अर्थ होतो, अरे वा, चांगलंय की! जोर 'क्वाइट'वर दिला तर, हं... ठीक आहे. सगळा खेळ सुरावर. आणि ई-मेलला सूर नसतो.

आता सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट सांगते. हे मला कळायला हवं होतं, कारण मी अशाच माणसाच्या घरात वाढलेय. माझे बाबा सदाशिव पेठेतले. त्यांनी आयुष्यात कधी कशाला 'उत्तम' म्हटल्याचं मला आठवत नाही. आईने दोन तास खपून पुरणपोळी केली की ते म्हणायचे, "बरी झालीय." आणि आई खूश व्हायची! कारण तिला सूर कळायचा. 'बरी'तली 'री' थोडी लांबली तर पोळी पहिल्या नंबरात पास. तुटकपणे 'बरी' म्हटलं आणि ताटाकडे बघत राहिले, तर पुरण जरा सैल झालंय. माझी दहावीची मार्कशीट बघून ते म्हणाले होते, "बरे आहेत." आणि मग त्याच संध्याकाळी चितळ्यांकडून किलोभर पेढे आणून अख्ख्या वाड्यात वाटले. बाबांचं 'बरं' ऐकायला बाहेरचा माणूस घरी आला की आम्ही शेजारी बसून भाषांतर करायचो. त्या इंग्रज मॅनेजरच्या शेजारी बसून माझं भाषांतर करणारं कुणी नव्हतं.

या प्रकाराची किंमत काही वेळा फार मोठी असते. (हा 'फार' म्हणजे 'टू' बरं का.) कोरियन युद्धातला एक किस्सा सांगितला जातो. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीच्या लढाईत ब्रिटिश ब्रिगेड अमेरिकन सेनापतीच्या हाताखाली लढत होती. चिनी सैन्याचा लोंढा अंगावर येत होता. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं, की परिस्थिती जरा चिकट आहे. इंग्रजाच्या तोंडी याचा अर्थ, आम्ही बुडतोय. अमेरिकन कानांनी ऐकलं, थोडी अडचण आहे पण निभावतील. माघारीचा हुकूम वेळेवर आला नाही. ग्लॉस्टर्स नावाची बटालियन वेढली गेली आणि त्यातले बहुतेक जण कैदी झाले. एकाच भाषेतली दोन माणसं, आणि मध्ये एक 'जरा'!

माझी चूक त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण ज्या मुलीची होती, तिच्यासाठी होती.

टपरीवर

तिला सांगायचं की नाही? नवऱ्याचं म्हणणं, कशाला? तिला माहीतच नाही, विषय संपला. मैत्रीण म्हणाली, सांगितलंस तर ती एचआरकडे जाईल. मी आठवडाभर तिच्या टेबलासमोरून जायचं टाळलं. शेवटी ऑफिसबाहेरच्या टपरीवर तिला घेऊन गेले आणि चहा यायच्या आत एका दमात सगळं सांगून टाकलं. 'क्वाइट', 'अगदी', बाबांचं 'बरं', सगळं.

ती ग्लास हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मी घरी सांगितलं होतं की माझं इंग्लिश कमी पडलं म्हणून मला नाही पाठवलं. मी क्लासपण लावला ना. शनिवार-रविवार जाते."

मला काही बोलताच येईना.

"म्हणजे," ती शांतपणे म्हणाली, "इंग्लिश माझं कमी नव्हतं पडलं. तुमचं पडलं."

ती हसली नाही. मीही नाही. चहा दोघींचाही गार झाला.

मी मॅनेजरला सगळं स्पष्ट लिहिलं. त्याने मनापासून दिलगिरी व्यक्त केली, पुढच्या वेळी नक्की, म्हणाला. पण पुढची वेळ आलीच नाही, वर्षभरात ते प्रोजेक्टच गुंडाळलं गेलं. नीट शेवट सगळ्या गोष्टींना असतोच असं नाही. एक्सप्रेसने क्लास मात्र पूर्ण केला. फी भरलीय ना, म्हणाली. आणि मग तिने बंगळुरूला दुसरी नोकरी पकडली. क्विट केलं! 'क्वाइट'च्या त्याच भाऊबंदाने शेवटी हिशेब चुकता केला.

एकही विशेषण न वापरता

जायच्या आधी ती माझ्याकडे रेफरन्स लेटर मागायला आली. खरं सांगते, दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर मला बरंच वाटलं असतं. (हे तुटक 'बरं'.) पण ती माझ्याकडे आली.

रात्री लिहायला बसले. पहिला मसुदा: 'शी इज व्हेरी इंटेलिजंट, रिअली हार्डवर्किंग, एक्स्ट्रीमली सिन्सिअर अँड ॲब्सोल्यूटली रिलाएबल.' वाचून बघितलं. लग्नाच्या हॉलवर सोडलेल्या लाइटच्या माळांसारखं दिसत होतं. नुसता लखलखाट, आणि नवरी कुठेच नाही. शिवाय वाचणारा कुठल्या गावचा, कुठल्या वळणाचा, हे मला काय माहीत? माझी 'व्हेरी' त्याच्या तराजूत किती भरणार? एखाद्याला ती कमी वाटेल, एखाद्याला 'टू' वाटेल.

मी ते सगळे शब्द एकेक करून खोडले. रिमूव्ह 'व्हेरी', रिमूव्ह 'रिअली'. दहावीतल्यासारखंच, फक्त या वेळी पोटात काय लपलंय ते बाहेर काढायचं ठरवलं. ती हुशार आहे, हे मला कशावरून माहीत? तर मार्चअखेरच्या रात्री पगाराच्या फाइलमधली जी चूक आम्ही सात जण तीन दिवस शोधत होतो, ती तिने पहाटे दोन वाजता शोधली. ती भरवशाची आहे कशावरून? दोन वर्षांत तिने दिलेली एकही तारीख चुकली नाही. आणि शेवटी लिहिलं, ती उद्या परत यायचं म्हणाली, तर मी उद्याच तिला घेईन. एवढंच. तीन वाक्यं. या वाक्यांचा अर्थ लंडनमध्ये, बंगळुरूत आणि सदाशिव पेठेत सारखाच होतो.

तेव्हापासून मी नियमच केलाय. मिसळ, पिक्चर, नवा कुर्ता यांना हवी तेवढी विशेषणं उधळावीत, तिथे 'जाम भारी'लाही पर्याय नाही. पण ज्या ओळीवर कुणाचं प्रमोशन, कुणाचा व्हिसा, कुणाचं घरी सांगायचं कारण अवलंबून आहे, तिथे 'किती चांगली' हे शब्दावर सोडायचं नाही. काय केलं ते सांगायचं. अप्रेझलचा सीझन आला की माझ्या टीममधली मुलं आता वैतागतात. 'मॅम, नुसतं गुड लिहू ना!' नाही. काय केलं ते लिही.

ते पत्र मी एक्सप्रेसला वाचायला पाठवलं. म्हटलं, या वेळी पाठवायच्या आधी तूच बघ.

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'ताई, टू गुड!'

माझ्यातला ग्रामर पोलीस खुर्चीतून उठलाच होता. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली.

'मुद्दाम लिहिलंय. क्लास लावला होता ना.'